रेजिनाल्ड इनेस पोकॉक : बिळातील कोळ्यांचे नामकर्ते

थोर पुरुषांची चरित्रे ह्या वार्षिकात प्रतिवर्षी येत असतात. बहुधा ती राष्ट्रपुरुषांची, संतांची, नाही तर धर्मकार्यार्थ दूरदेशी आयुष्य वेचणाऱ्या उपदेशकांची असतात. यंदा ज्या गृहस्थांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे, त्यांनी ना रणांगण गाजविले, ना सभा. ऐन उमेदीची अठरा वर्षे त्यांनी विंचू, गोमी, पैसाकिडे व कोळी यांच्या सहवासात घालविली. आणि हे प्राणीही जिवंत नव्हेत, तर मद्यार्काने भरलेल्या बाटल्यांत बुडविलेले! तथापि आमच्या वाशीम जिल्ह्यातील एखाद्या मुलाने नाल्याच्या दरडीत रेशमाचे अस्तर लावलेले बीळ पाहिले आणि आत राहणारा हा आडदांड कोळी कोणत्या कुळीचा अशी पृच्छा केली, तर जगातील कोणताही तज्ज्ञ उत्तरादाखल जो शब्द प्रथम उच्चारील, तो शब्द ह्याच गृहस्थांनी घडविलेला आहे. त्यांचे नाव रेजिनाल्ड इनेस पोकॉक.

पोकॉक यांचा जन्म इंग्लंडात ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन नामक भागात ता. ४ मार्च १८६३ रोजी झाला. वडील रेव्हरंड निकोलस पोकॉक हे इंग्लंडच्या चर्चचे पाळक असून धर्मसुधारणेच्या इतिहासाचे व्यासंगी पंडित होते. बिशप बर्नेट यांनी लिहिलेल्या त्या इतिहासाची, जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहिलेली अशी आवृत्ती त्यांनी १८६५ साली सिद्ध केली. रेजिनाल्ड हे त्यांचे चौथे पुत्र. पणजोबाही निकोलस नावाचेच होते व समुद्र आणि गलबते यांची चित्रे काढण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. एका पिढीने जहाजाची दोरी न् दोरी रेखाटली, दुसरीने जुन्या दप्तरातील अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, आणि तिसऱ्या गृहस्थांनी कोळ्याच्या पायावरचा केस न् केस मोजला. बारीक पाहण्याचा हा वारसा घराण्यातच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ऑक्सफर्ड येथील सेंट एडवर्ड शाळेत असतानाच त्यांना सृष्टिनिरीक्षणाची गोडी लागली. पुढे विख्यात झालेले एडवर्ड पौल्टन यांची शिकवणी त्यांना लाभली आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जाऊन प्राण्यांची हाडे व अवयव ताडून पाहण्याची मुभाही मिळाली. हल्लीच्या शाळांत मुलांना संग्रहालयातील काचेच्या बाहेरूनच वस्तू दाखवितात. एका शाळकरी मुलाच्या हाती खरी कवटी देण्याचे औदार्य कोणीतरी दाखविले, त्याचे फळ शास्त्राला पुढे साठ वर्षे मिळत राहिले. तेथून ते ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे लॉइड मॉर्गन व सोलास अशा दोघा नामांकित अध्यापकांपाशी त्यांनी जीवशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचे अध्ययन केले.

१८८५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लंडन येथील ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास शाखेत ते साहाय्यक म्हणून रुजू झाले. प्रथम एक वर्ष कीटकांच्या विभागात काढल्यावर कोळी, विंचू, गोमी इत्यादिकांचा संग्रह त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. फुलपाखरे व पक्षी यांच्यामागे लागणारे पुष्कळ होते. ह्या ओंगळ समजल्या जाणाऱ्या प्राण्यांना मात्र वाली नव्हता. पोकॉक यांनी ही जबाबदारी नाक न मुरडता पत्करली. अठरा वर्षांत त्यांनी सुमारे दोनशे निबंध प्रसिद्ध केले आणि एकट्या पैसाकिड्यांच्याच तीनशेहून अधिक जातींची वर्णने लिहिली. वर्णन लिहिणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून थोडे सांगतो. बाटलीतील प्राणी बाहेर काढावयाचा. त्याचे डोळे किती व कसे मांडलेले आहेत, जबड्यावर दात किती, पायाच्या प्रत्येक पेराची लांबी किती, केसांचे झुपके कोठे आहेत, हे भिंगाखाली पाहावयाचे. आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ते ताडावयाचे. आणि तो खरोखरच नवा ठरला, तर त्यास नाव देऊन तो नमुना कायमचा जपून ठेवावयाचा. पुढे शंभर वर्षांनी कोणास संशय आला, तरी त्याने येऊन तोच नमुना पाहावा. एका जातीस एखादा दिवस लागतो, तर दुसरीस महिना.

हे नमुने येत कोठून? जगाच्या सर्व भागांतून. परंतु हिंदुस्थानातून येणाऱ्यांचा वाटा लहान नव्हता. ता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईस भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आज ज्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे त्या वास्तूत, आठ गृहस्थ एकत्र जमले व त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. ह्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन असे आपले दोघे होते, ही गोष्ट महाराष्ट्रीयांनी विसरू नये. संस्थेचा भार पुढे ज्यांनी वाहिला ते फिप्सन व मिलार्ड हे दोघे साहेब व्यवसायाने मद्याचे व्यापारी होते. रेल्वेतील अधिकारी, जंगलखात्यातील अंमलदार, चहामळ्यांचे व्यवस्थापक, डॉक्टर असे नाना प्रकारचे लोक आपापल्या गावचे किडेमकोडे ह्या संस्थेकडे धाडीत आणि तेथून ते लंडनला पोकॉक यांच्या मेजावर जात. पोकॉक यांनी ह्या ऋणाची फेड आपल्या रीतीने केली. एका काळ्या विंचवास त्यांनी फिप्सन यांचे नाव दिले, तर एका बिळातील कोळ्यास मिलार्ड यांचे.

आता ज्या कार्यामुळे पोकॉक यांचे नाव चिरस्थायी झाले, त्याकडे वळू. त्यांच्या पूर्वी कोळ्यांची वाटणी बहुतकरून फुप्फुसांच्या संख्येवरून करीत असत. कोळ्याच्या पोटाखाली वहीच्या पानांसारखे पदर असलेली श्वसनेंद्रिये असतात. ज्यांना ह्यांच्या दोन जोड्या ते एकीकडे आणि ज्यांना एकच जोडी ते दुसरीकडे, अशी ती सरळसोट विभागणी होती. परंतु आग्नेय आशियात लिफिस्टियस नावाचा एक विलक्षण कोळी आढळतो. त्याच्या पोटावर आडव्या पट्ट्या असतात, जणू त्याचे पोट तुकड्यातुकड्यांचे बनले आहे. आणि रेशीम सोडणाऱ्या गाठी इतर कोळ्यांप्रमाणे पोटाच्या टोकास नसून मध्यावर असतात. फुप्फुसांच्या दोन जोड्या आहेत एवढ्यावरून त्यास मोठ्या बिळातील कोळ्यांच्या पंक्तीस बसवीत. पोकॉक यांनी १८९२ साली ह्या एका प्राण्यावर निबंध लिहिला आणि हा गृहस्थ कोणाच्याच पंक्तीचा नव्हे, असे दाखवून दिले. तो फार प्राचीन घराण्याचा अवशेष आहे. सबब त्याचा गट वेगळा करावा आणि उरलेल्या सगळ्या कोळ्यांचा एक मोठा गट करून त्याचे पुन्हा दोन भाग पाडावेत, असे त्यांनी सुचविले. ह्या दोहोंपैकी एका भागास त्यांनी मायगॅलोमॉर्फी हे नाव दिले. ग्रीक भाषेत मायगॅली म्हणजे चिचुंद्री. मोठ्या केसाळ कोळ्यांस हे नाव पूर्वीच पडले होते. पोकॉक यांनी त्यास रूपवाचक शब्द जोडून सबंध कुळाचे नाव केले. तेव्हा वयाने ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. ही मांडणी मुळातून आजही मान्य आहे. गेल्या काही वर्षांत प्राण्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून नाते ठरविण्याची रीत निघाली, तिनेही ती मोडली नाही.

ह्या दोन भागांत भेद तो काय? घरातील जाळे विणणाऱ्या साध्या कोळ्याचे दात पाहिले, तर ते सांडशीच्या दोन पात्यांप्रमाणे आडवे येऊन एकमेकांस भिडतात. मायगॅलोमॉर्फी कोळ्याचे दात तसे नाहीत. ते एकमेकांस समांतर असून कुदळीप्रमाणे वरून खाली येतात. भक्ष्यावर घाव घालण्यापूर्वी त्यास अंगाचा पुढचा भाग उचलावा लागतो, आणि खाली आधारास टणक जमीन असली म्हणजे घाव चांगला बसतो. म्हणून ह्या कुळातील बहुतेक मंडळी भूमीशी इमान राखून आहेत. जगात आज कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत. त्यांपैकी ह्या कुळाच्या तीन हजारांच्या वर भरतील.

त्यांची घरे पाहण्यासारखी असतात. कोणी नुसतेच बीळ पाडून त्यास आतून रेशमाचा गिलावा देतो व तोंडाशी जाळ्याची झालर सोडतो. कोणी त्याहून पुढे जाऊन माती व रेशीम यांचे थर एकावर एक देऊन बिळास झाकण बनवितो. हे झाकण एका बाजूस रेशमाच्या बिजागरीवर फिरते आणि बंद केले म्हणजे बाटलीच्या बुचासारखे घट्ट बसते. वरून त्यावर आसपासची माती, शेवाळ, काडीकचरा चिकटविलेला असल्यामुळे ते जमिनीत असे मिसळून जाते की, हातभर अंतरावरून पाहणाऱ्यासही दिसू नये. रात्र पडली म्हणजे मालकीण झाकण किंचित उचलून उंबरठ्यावर पाय टेकून बसते. एखादा भुंगेरा वा नाकतोडा जवळून गेला की, जमिनीच्या कंपावरून तिला सुगावा लागतो. एका झेपेत ती त्यास आत ओढते आणि दार बंद होते. कोणी बाहेरून दार उघडू लागल्यास ती आतून दात व नख्या रोवून ते ओढून धरते. मालकीण असे आम्ही मुद्दाम लिहिले. कारण नर वयात आला की घर सोडून जोडीदारिणीच्या शोधात भटकतो व लवकरच मरतो. मादी मात्र बहुधा त्याच बिळात, ते थोडेथोडे रुंद करीत, सारा जन्म काढते.

तो जन्म किती वर्षांचा असावा? पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या शेतांच्या मुलखात राखून ठेवलेल्या एका रानाच्या तुकड्यात बार्बरा यॉर्क मेन ह्या विदुषींनी १९७४ सालापासून अशा दरवाजेवाल्या कोळ्यांच्या बिळांवर क्रमांकांच्या खुणा लावून त्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यांतील सोळा क्रमांकाची मादी २०१६ साली मेलेली आढळली. तिचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते! आणि तीही वार्धक्याने गेली नाही. एका गांधीलमाशीने झाकण भोसकून तिचा घात केला होता. वाचकांपैकी कित्येकांच्या आईवडिलांचे वय एवढे नसेल.

येथे आमच्या जिल्ह्याविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके मिळून १९९८ साली अकोल्यापासून हा जिल्हा वेगळा झाला. जमीन सारी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणाची. सखल भागात काळी कसदार माती, आणि उंचवट्यावर मुरमाड माळ. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग वर्षानुवर्षे टिकणारे बीळ तेथे कसे राहावे? म्हणून अशा कोळ्यांचा मागोवा घ्यावयाचा तर नांगर न फिरलेला मुरमाड माळ, नाल्याची दरड, जुन्या बांधाचा उतार, झाडाच्या मुळांतील घट्ट माती अशा ठिकाणी घ्यावा. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा यांच्या काठच्या ओहोळांत आणि कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या अभयारण्यासारख्या राखलेल्या कुरणांत अशी जमीन अद्याप आहे. परंतु रस्त्यासाठी मुरूम उकरणारे यंत्र एका सकाळी जेवढी दरड नेते, तेवढीत अनेक पिढ्यांची वसाहत असू शकते. ह्या कोळ्यांची पिले आईच्या बिळातून निघाली की फार लांब जात नाहीत, जवळपासच आपली लहानशी बिळे पाडतात. सबब एक वसाहत उकरली गेली की दुसरीकडून येऊन ती पुन्हा भरून काढणारे कोणी नसते. बांध फोडून चार ओळी सोयाबीन अधिक पेरण्याचा मोह शेतकऱ्यास होतो, आणि त्याची अडचण आम्ही जाणतो. परंतु त्या बांधात कोण राहत होते, हे निदान ठाऊक तरी असावे.

विद्यार्थ्यांस येथेच एक सूचना देऊन ठेवितो. असे बीळ दिसल्यास त्यात काडी किंवा बोट घालू नये. आतील बाईसाहेबांचे दात मोठे आहेत व दंश अत्यंत वेदनादायक होऊ शकतो. रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन, वडील माणसांस बरोबर नेऊन, दुरून पाहावे.

पुन्हा पोकॉक यांच्याकडे येऊ. ह्या कोळ्यांपैकी काही जाती आवाज करतात, हे ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. आसामातील एका मोठ्या कोळ्याचा असा आवाज १८७५च्या सुमारास प्रथम नोंदला गेला होता. पोकॉक यांनी निरनिराळ्या जातींत हे वाद्य नेमके कोठे असते, त्याचे दाते व तारा जबड्याजवळ कशा बसविलेल्या असतात, हे पाहून १८९५ साली त्यावर एक सुगम लेख लिहिला. मेलेल्या, भिजलेल्या प्राण्याच्या अंगावरील चार ताठर केस पाहून हा जिवंतपणी कसा वाजत असेल, असा विचार करणारा हा मनुष्य केवळ कारकून नव्हता.

१८९९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हिंदुस्थानातील नव्या विंचू-कोळ्यांची वर्णने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी, १९०० साली, हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत त्यांचा ह्याच वर्गावरील खंड बाहेर पडला. पृष्ठे अडीचशेच्या वर. ह्या खंडाआधी हिंदी विंचू-कोळ्यांची माहिती निरनिराळ्या देशांच्या व भाषांच्या मासिकांत विखुरलेली होती. ती एकत्र करून, परीक्षून, आपली भर घालून त्यांनी ती अशी मांडली की, एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या अभ्यासकासही हाती आलेला प्राणी ओळखता यावा. महाराष्ट्रात सह्याद्रीवर बिळे करून राहणाऱ्या ज्या कोळ्यांस हेटेरोफ्रिक्टस म्हणतात, ती प्रजाती त्यांनी ह्याच खंडात प्रथम स्थापिली.

त्या काळच्या एका कोळ्याची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. मुंबई-मद्रास लोहमार्गावर गुत्ती नावाचे स्टेशन आहे. तेथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक कोळ्याची मादी सापडली व यथाकाल ती पोकॉक यांच्याकडे पोचली. त्यांनी १८९९ साली तिचे वर्णन करून तिच्या अंगावरील धातूसारख्या निळ्या झळाळीवरून पीसिलोथेरिया मेटॅलिका असे नाव ठेविले. ही जात बिळात नव्हे तर झाडांच्या ढोलीत राहणारी. पण कूळ तेच. त्यानंतर कित्येकांनी गुत्तीस शोध केला असेल. कोळी काही मिळेना. शंभराहून अधिक वर्षे लोटली. अखेर २००१ साली तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ व गिद्दलूर यांमधील रानात ती पुन्हा सापडली. म्हणजे पहिली मादी बहुधा लाकडांबरोबर आगगाडीने गुत्तीस आली होती! बाटलीवरील चिठ्ठी खोटी नव्हती. परंतु ती प्राण्याचे घर सांगत नव्हती, प्रवासाचा शेवट सांगत होती. आज त्या रानाची लाकूडतोड चालू आहे, आणि परदेशातील हौशी लोक ह्या निळ्या कोळ्यास घरी पाळतात. नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

ह्या कथेत पोकॉक यांच्या कार्यातील उणीवही दिसून येते आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी नावे दिलेल्या शेकडो प्राण्यांपैकी फारच थोडे त्यांनी त्यांच्या मूळ स्थानी पाहिले असतील. एकदोन नमुन्यांवरून जात ठरवावी लागे. नर आहे तर मादी नाही, मादी आहे तर नर नाही. प्राणी खातो काय, बीळ किती खोल, पावसात काय करतो, हे बाटली सांगत नसे. पुढे त्यांची कित्येक नावे एकमेकांत मिसळावी लागली. शिवाय आमच्या देशातील प्राण्यांचे मूळ नमुने लंडनला राहिले. येथील अभ्यासकास आपल्याच गावचा कोळी निश्चित करावयाचा तर समुद्रापलीकडे पत्र लिहावे लागे. हा दोष एका पोकॉक यांचा नव्हे, त्या राज्यव्यवस्थेचा होता. उलट, त्यांनी प्रत्येक नमुना इतक्या निगुतीने वर्णिला की, चूक दुरुस्त करणाऱ्यासही आधार त्यांच्याच पानाचा घ्यावा लागतो. त्यांच्या मागून ग्रेव्हली यांनी १९१५ व १९३५ साली, आणि स्वातंत्र्यानंतर झूलॉजिकल सर्व्हेचे टिकादर यांनी हे काम येथेच राहून पुढे चालविले. चालू शतकात महाराष्ट्रातील तरुण अभ्यासक रात्री-अपरात्री सह्याद्री पालथा घालून ह्या कोळ्यांची जिवंतपणीची नोंद करीत आहेत.

त्या १९०० सालच्या खंडात विंचवांचेही प्रकरण आहे. कोकणात व अन्यत्र आढळणारा तांबडा विंचू त्यात वर्णिलेला आहे. ह्या विंचवाच्या दंशाने आपल्याकडे किती लेकरे गेली असतील, त्याची गणती नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग करून अशा रोग्यांचे प्राण वाचविता येतात असे दाखविले, तेव्हा कोठे ही मृत्यूची छाया ओसरली. कोणत्या विंचवाच्या दंशाने प्राण जातात व कोणत्याच्या दंशाने नुसतीच कळ येते, हे कळल्याविना औषधाचा विचार तरी कसा व्हावा?

१९०४ साली पोकॉक यांनी संग्रहालय सोडले व ते लंडनच्या प्राणिसंग्रहाचे अधीक्षक झाले. कोळ्यांच्या शास्त्राचे ह्यात नुकसान झाले असे आमचे मत आहे. परंतु मेलेल्या प्राण्यांत अठरा वर्षे काढलेल्या मनुष्यास जिवंत प्राण्यांची ओढ वाटली, तर त्यास नावे ठेवणे योग्य नव्हे. तेथेही त्यांची चौकस बुद्धी स्वस्थ बसली नाही. कोणते कीटक चवीस कडू असल्यामुळे पक्षी त्यांस सोडून देतात, ह्याचे प्रयोग त्यांनी संग्रहातील प्राण्यांस कीटक खाऊ घालून केले व १९११ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांस सदस्यत्व देऊन गौरविले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ सालच्या डिसेंबरात, एका कॅनेडियन अधिकाऱ्याने आपल्या पलटणीची विनी नावाची अस्वलीण ह्याच संग्रहात ठेवून दिली. जगभरची मुले ज्या अस्वलाच्या गोष्टी वाचतात, त्याला नाव तिच्यावरूनच मिळाले.

ह्या काळातील एक प्रकरण महाराष्ट्राशी संबद्ध आहे. कोल्हापूरच्या प्राणिसंग्रहात १९१० साली बिबट्या व सिंहीण यांच्यापासून दोन पिले झाली. एक अडीच महिन्यांचे होऊन मेले. त्याचे कातडे मिलार्ड यांनी पोकॉक यांच्याकडे पाठविले. बाजूंवरील ठिपके सिंहाच्या छाव्याच्या ठिपक्यांसारखे पुसट व तपकिरी, डोक्यावर व पाठीच्या कण्यावर मात्र बिबट्यासारखे काळे ठसठशीत, असे त्या कातड्याचे वर्णन त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. अशा संकराचे हे पहिले विश्वसनीय वर्णन होय.

संग्रहात मेलेल्या प्राण्यांचे पाय, कान, मिशा, ग्रंथी ते बारकाईने पाहत आणि जुन्या वर्गीकरणातील चुका एकेक करून काढीत. सिंह, वाघ, बिबट्या गर्जना करतात व मांजर करीत नाही, ह्याचा संबंध त्यांनी १९१६ साली जिभेखालच्या हाडाच्या रचनेशी जोडला. १९१८ साली माकडे, वानर व मनुष्य यांस टार्सियर नावाच्या लहानशा प्राण्याबरोबर एका गटात घालून त्यास त्यांनी जे नाव दिले, तेही आज रूढ आहे. तेव्हा ज्या मनुष्याने बिळातील कोळ्याचे कूळ ठरविले, त्यानेच आपल्या माणसांचेही ठरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२३ साली ते निवृत्त झाले. वय साठ. दुसऱ्या कोणी बागेत खुर्ची टाकली असती. पोकॉक पुन्हा ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि सस्तन प्राण्यांच्या विभागात केवळ स्वेच्छेने काम करू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ सालापासून सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण चालविले होते. त्यात खानदेश व वऱ्हाड येथूनही नमुने गोळा झाले. सर्वेक्षणातून एकंदर सुमारे पंचवीस हजार नमुने जमले. ह्या राशीच्या आधारे त्यांनी हिंदुस्थानातील वाघ, सिंह, बिबटे, मुंगूस, कोल्हे, अस्वले यांचे नव्याने परीक्षण केले. बिबट्यांच्या उपजाती त्यांनी गरजेपेक्षा अधिक पाडल्या, असे पुढील अभ्यासकांस वाटले व त्या पुष्कळ कमी करण्यात आल्या. ग्रंथमालेतील सस्तन प्राण्यांचा पहिला खंड १९३९ साली व दुसरा १९४१ साली निघाला. दुसरा खंड छापून आला तेव्हा लंडनवर बाँब पडून गेले होते आणि ग्रंथकाराचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

ता. ९ ऑगस्ट १९४७ रोजी, हिंदुस्थान स्वतंत्र होण्यास सहा दिवस उरले असता, त्यांचे देहावसान झाले. मांजरांच्या वर्गाची एक मोठी सूची त्यांनी लिहून ठेविली होती. ती चार वर्षांनी, १९५१ साली, म्युझियमने छापून काढली.